वॉशिंग मशीनच्या जागी आलेला जॅझ

सदानंद वाकणकर गेले होते वॉशिंग मशीन आणायला, आणि घरी परतले ते रेकॉर्ड प्लेअर आणि तबकड्यांनी भरलेलं खोकं घेऊन. १९९३ सालची गोष्ट. त्यांची बायको विभावरी दारातच उभी होती. बाथरूममधल्या बादल्या, टब, पाट सगळं हलवून तिने मशीनसाठी जागा करून ठेवली होती. तिने नवऱ्याच्या मागे पाहिलं, जिन्यात वाकून पाहिलं आणि मग खोक्यात पाहिलं.

"अहो, मशीन?"

"मशीन गेलं गं. आपल्याआधी एक इजिप्शियन पोचला. खलास."

"मग हे काय?"

"हे जॅझ आहे. म्हणजे जॅझ आणि रॉक एकत्र. आणि त्याच्यावर कविता."

"केवढ्याला?"

"दोनशे दिरहम."

"दोनशे! म्हणजे सतराशे रुपये!" विभावरीने कपाळाला हात लावला. "आणि कपडे कोण धुणार? कविता?"

रुवैसमध्ये तेव्हा तशी पद्धतच होती. अबू धाबीच्या पश्चिमेला, समुद्र आणि वाळू यांच्या मधोमध रिफायनरी, आणि रिफायनरीवाल्यांची कॉलनी. तिथे कुणी कायमचं मायदेशी निघालं की सुपरमार्केटच्या फळ्यावर 'लीव्हिंग सेल'ची चिठ्ठी लागायची, आणि शुक्रवारी सकाळी अर्धी कॉलनी त्याच्या घरी. सोफा एकाकडे, फ्रिज दुसऱ्याकडे, कुंड्या तिसऱ्याकडे. कॉलनीतलं निम्मं फर्निचर असं घरोघरी फिरत असायचं. दुसऱ्याकडे जेवायला गेलं की माणूस खुर्चीवर बसताना म्हणायचा, अरे, ही तर आपली जुनी खुर्ची!

त्या वेळी निघालेला होता एक इंग्रज शिफ्ट सुपरवायझर. वाकणकर त्याच्या हाताखाली इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर होते. मशीन गेलं म्हणून ते तोंड पाडून निघणार, एवढ्यात साहेबाने कोपऱ्यातल्या खोक्याकडे बोट दाखवलं. "माझी बायको म्हणते, एक तर मी विमानात चढेन नाही तर हे खोकं चढेल." मग त्याने एक तबकडी लावून दाखवली. आणि लावता लावता सांगितलं, की साठ सालानंतर लंडनमध्ये काही जॅझवाल्या पोरांनी इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली, ऑर्गन घेतला, रॉकवाल्यांचे धाडधाड ड्रम घेतले, आणि त्यांच्यापुढे माइक धरून उभे राहिले चक्क कवी. गाणारे नव्हेत हं, कवी. साहेब तेव्हा अप्रेंटिस होता. पबच्या तळघरात बिअरच्या वासात उभं राहून त्याने ते ऐकलं होतं.

वाकणकर ऐकायला लागले आणि ऐकतच राहिले. एक माणूस कोरड्या आवाजात, घाईघाईत, वाक्यं कुठेही तोडत बोलतोय. मागून सॅक्सोफोन त्याच्याशी भांडतोय. ड्रमवाला दोघांनाही दाद देत नाही. आणि ठेका सरळ चाराचा नाही, सातपर्यंत जाऊन परत फिरणारा. वाकणकरांच्या अंगावर काटा आला. चाळिशीला टेकलेला, पोट थोडं सुटलेला, खिशात टेस्टर लावलेला हा माणूस त्या इंग्रजाच्या रिकाम्या हॉलमध्ये उभ्या उभ्या वीस वर्षांनी लहान झाला.

कारण वीस वर्षांपूर्वी, पुण्यात कॉलेजात असताना, हेच महाशय कवी होते. साधेसुधे नव्हेत, प्रयोगशील! चार मित्र मिळून सायक्लोस्टाइल केलेलं एक अनियतकालिक काढायचे. त्याला नाव नव्हतं. मुखपृष्ठावर नुसता काळा चौकोन. आत कवितांना शीर्षकं नव्हती, कवींची नावं नव्हती, आणि खरं सांगायचं तर वाचकही नव्हते. नाव देणं म्हणजे कवितेच्या गळ्यात पट्टा बांधणं, असं या चौघांचं ठाम मत होतं. कविता पूर्ण करणं तर त्याहून वाईट. वाकणकरांची प्रत्येक कविता शेवटच्या ओळीत मध्येच तुटायची. दोन अंक निघाले, मग चौघांनाही नोकऱ्या लागल्या.

या नावाच्या पायीच लग्नात तो प्रकार झाला होता. १९७९ साल. घास भरवताना सगळ्यांनी गिल्ला केला, नाव घ्या, नाव घ्या! विभावरीने पाठ केलेला उखाणा लाजत लाजत म्हटला, टाळ्या पडल्या. मग नवरदेवाची पाळी. नवरदेव म्हणाला, "मी यमक जुळवत नाही." मामा विनवण्या करून थकले, मावश्या रुसल्या. विभावरी हळूच म्हणाली, "यमक नको. नुसतं नाव घ्या." तरी पठ्ठ्या हू का चू करीना. मंडपात चार माणसं हसली, विभावरी खाली बघून जिलेबी मोडत राहिली. तिने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. आणि वाकणकरही बायकोला नावाने हाक मारायचे नाहीत. "अगं" म्हणायचे. ती आतून "ओ" द्यायची. संसार अगदी उत्तम चालला होता, कुणाचं काही अडलं नव्हतं.

तर आता रुवैसच्या त्या फ्लॅटमध्ये रोज संध्याकाळी जॅझ वाजू लागला. वाकणकर शिफ्टवरून आले की चहाच्या आधी तबकडी. विभावरी स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. पाहुणे यायचे, वाकणकर कौतुकाने त्यांना ऐकवायचे, आणि पाहुण्यांना घरी काहीतरी गॅसवर ठेवून आल्याचं आठवायचं. एकाने तर विचारलंच, "वाकणकर, हे मशीन सर्व्हिसिंगला द्यायला झालंय का हो?" बंद दाराआड मात्र एक गंमत चालू असायची. विभावरी लग्नाआधी गाणं शिकलेली. भाजी परतताना तिचा झारा कढईच्या काठावर बरोबर सातव्या मात्रेनंतर समेवर यायचा. हे वाकणकरांना कधी ऐकू आलं नाही. त्यांच्या मुलीला, ईशानीला यायचं. तिने सांगितलं नाही इतकंच.

हळूहळू वाकणकर पुन्हा लिहायलाही लागले. आता कवितेत प्लांट आला, फ्लेअर आला, म्हणजे रिफायनरीच्या उंच नळकांड्यावर रात्रंदिवस जळणारी ती ज्वाळा. आणि एक इच्छा डोक्यात जी शिरली ती जाईच ना. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपली कविता आपल्या भाषेत, आपल्या माणसांपुढे, मागे बँड घेऊन म्हणायची.

दरवर्षी ते मराठी मंडळाच्या अध्यक्षांकडे, दत्तप्रसाद सामंतांकडे जायचे. सामंत रिफायनरीत सेफ्टी ऑफिसर, माणूस मनाने मोठा, आवाजाने त्याहून मोठा. ते खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "वाकणकर, पुढच्या वर्षी नक्की. इन्शाल्ला!" आता अरबाच्या तोंडचं इन्शाल्ला निराळं. पण सावंतवाडीचा माणूस इन्शाल्ला म्हणाला की समजून जायचं, काम होत नाही.

अशी सात-आठ वर्षं गेली. ईशानी बारावीत आली. ती शाळेच्या बँडमध्ये ड्रम वाजवायची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि बाबांच्या तबकड्यांना 'वीअर्ड अंकल म्युझिक' म्हणायची. एकदा अभ्यास सोडून ती हॉलच्या दारात उभी राहिली. बोटं मांडीवर आपटत होती.

"बाबा, प्ले दॅट बिट अगेन."

वाकणकरांनी सुई परत मागे ठेवली. तिने चार वेळा लावायला लावलं. पाचव्या वेळी तिने दोन पट्ट्या घेतल्या आणि सोफ्याच्या हातावर तो ठेका जसाच्या तसा उतरवला. वाकणकरांना रडूच यायचं बाकी होतं. घरात ड्रमर होती आणि ते सगळ्या अमिरातीत शोधत बसले होते!

पण वेळ नव्हता. जूनमध्ये ईशानी पुण्याला निघणार, कॉलेजला. इथल्या सगळ्याच मुलांचं तेच. अठरावं लागलं की बॅग भरायची. ती गेली की हा ठेका धरणारं रुवैसमध्ये दुसरं कुणी नव्हतं. म्हणजे आता झालं तर झालं, नाही तर कविता आणि तबकड्या दोन्ही कुणाच्या तरी लीव्हिंग सेलमध्ये जाणार.

आणि २००१च्या जानेवारीत देव पावला. संक्रांतीच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला अबू धाबीहून जो ऑर्केस्ट्रा यायचा होता, त्यातल्या मुख्य गायकाचा घसा बसला. सामंतांचा फोन आला. "वाकणकर, दहा मिनिटं भरून काढाल का? काहीही चालेल."

"काहीही" हे ऐकूनही वाकणकरांना अपमान वाटला नाही, एवढी घाई झाली होती त्यांना.

कीबोर्डवर अजीज. कोळिकोडचा, कंपनीच्या स्टोअर्समध्ये होता आणि मल्याळी लग्नांत कीबोर्ड वाजवायचा. मोठा गुणी आणि सोशिक माणूस. पहिल्या तालमीला त्याने चार सूर धरले, ईशानीने ठेका धरला, वाकणकरांनी अख्खी कविता म्हटली. अजीज शांतपणे वाजवत राहिला. शेवटी म्हणाला, "सदानंदभाई, इंट्रो अच्छा है. गाना कब शुरू होगा?"

"यही गाना है, अजीज."

"ओ हो," अजीज म्हणाला. "फिर तो खतम भी हो गया!"

विभावरीचा विरोध वेगळाच होता. "बोर्डाचं वर्ष आहे तिचं! दहा मिनिटांच्या हौसेपायी पोरीचं फिजिक्स बुडवताय." असं म्हणून ती तिघांपुढे साबुदाण्याची खिचडी ठेवून आत जायची.

एक गोष्ट मात्र ईशानीला पटत नव्हती. शेवटची ओळ. 'एवढ्या मोठ्या उजेडात मी हाक मारतो', आणि पुढे काही नाही. तिथे बाबांनी गप्प व्हायचं, हात वर करायचा, तिने ठेका तोडायचा, अजीजने हात उचलायचे.

"बट बाबा, हू आर यू कॉलिंग?"

"ते सांगायचं नसतं. ते ऐकणाऱ्याने ठरवायचं."

"दॅट्स चीटिंग," ईशानी म्हणाली. "यू स्टार्टेड अ सेंटेन्स."

कार्यक्रमाचा शुक्रवार उजाडला. क्लबच्या हॉलमध्ये तिळगुळाचे डबे, वाण म्हणून द्यायच्या प्लास्टिकच्या बरण्या, काळ्या साड्या, हलव्याचे दागिने घातलेली बाळं, अशी नुसती धांदल. बायकांची उखाण्यांची स्पर्धा आधी सुरू झाली. सामंतांच्या बायकोने, छायाताईंनी माइक हातात घेतला.

"दिरहमाचे रुपये करते, हिशेब माझा चोख, दत्तप्रसादरावांचं नाव घेते, ऐका सगळे लोक!"

टाळ्या, शिट्ट्या, 'पुन्हा एकदा'चा गजर. एकीमागून एक बायका उठल्या. विभावरी तिसऱ्या रांगेत हळदीकुंकवाचा करंडा मांडीवर घेऊन बसली होती, तिने हसून मान हलवली आणि पाळी पुढे सोडली. हॉल असा रंगात आलेला असताना, मध्ये जराही खंड न पडता, सामंतांनी घोषणा केली, "आता आपले वाकणकर काहीतरी म्हणणार आहेत!"

काहीतरी. झालं! आधी वाकणकर स्टेजवर चढले, मागे कीबोर्ड घेऊन अजीज, आणि शाळेचे ड्रम मांडून बसलेली ईशानी. ठेका सुरू झाला. हॉल जरा बिचकला. वाकणकरांनी घसा साफ केला, चष्मा वर सारला आणि सुरुवात केली.

"प्रेशर ठीक. टेम्परेचर ठीक. चंद्राची नोंद कुणी केली नाही."

इथे ते थांबले. कवितेत तिथे थांबायचंच होतं. पण अर्धा तास उखाणे ऐकून हॉलचे कान ज्याला सोकावले होते ते काही सुटेना. मागून एका बाईने ओरडून म्हटलं, "नाव घ्या!"

हशा पिकला. वाकणकर क्षणभर गोंधळले. पुढची ओळ घेतली.

"बस येते. बस मला मोजते आणि जाते."

"नाव घ्या, नाव घ्या!" आता दहा-बाराजणी.

वाकणकरांच्या कानशिलाला घाम फुटला. आठ वर्षं ज्याची वाट पाहिली ती कविता, आणि हॉलभर लोकांना वाटतंय हा भला मोठा पुरुषी उखाणा चाललाय! थांबून समजावावं तर ठेका जाईल. रागवावं तर सणाचा दिवस. त्यांनी हताश होऊन मागे पाहिलं. ईशानी हसत होती. वाईट हसू नव्हतं ते, ती मजेत होती. पुढच्या "नाव घ्या"ला तिने ड्रमवर एक झकास तुकडा वाजवून उत्तर दिलं, आणि हॉलला ते इतकं आवडलं की पुढच्या ओळीसाठी सगळे आपोआप गप्प झाले.

"वाळू दाराशी येते. बेल न वाजवता परत फिरते."

"नाव घ्याऽऽ!" धडधडधड, ड्रम. अजीजलाही चेव चढला. तबकडीतल्या त्या सॅक्सोफोनसारखा हॉल आता कवितेशी भांडत होता. वाकणकरांच्या ध्यानात आलं की लोक प्रत्येक ओळ कान देऊन ऐकताहेत. नावासाठी का होईना, पण ऐकताहेत! काळ्या चौकोनाचे दोन्ही अंक मिळून एवढं कुणी वाचलं नव्हतं. त्यांचा आवाज मोकळा झाला. ते भराभर म्हणत गेले, फ्लेअर आला, शिफ्ट आली, आणि शेवटची ओळ आली.

"एवढ्या मोठ्या उजेडात मी हाक मारतो,"

ते थांबले आणि हात वर केला. अजीजने हात उचलले.

ईशानीने ठेका तोडला नाही.

वाकणकरांनी पुन्हा हात हलवला. पोरगी वाजवतच राहिली, एक ते सात, एक ते सात, आणि बाबांकडे बघून नुसते ओठ हलवले, "हू?" खाली अख्खा हॉल ओरडत होता, "नाव! नाव! नाव!" सामंत खुर्चीवर उभे राहून ओरडत होते. साऱ्या हॉलात एकच बाई ओरडत नव्हती. तिसऱ्या रांगेत, करंड्याच्या झाकणाकडे बघत, ती झाकण उघडत होती आणि लावत होती. मंडपात जिलेबी मोडत होती तशीच.

हिने एकदाच मागितलं होतं. यमक नको म्हणाली होती. आणि ओळीत आपण कुणाला हाक मारतोय हे आपल्याला ठाऊक नव्हतं थोडंच! चांगलं ठाऊक होतं. मोठा आलाय प्रयोगशील!

त्यांनी समेची वाट पाहिली आणि नाव घेतलं. नुसतं नाव.

"वि-भाऽ-व-रीऽ."

ते ठेक्यात असं जाऊन बसलं की अजीजची मान आपोआप डोलली. सहा मात्रा भरल्या. सातवी तेवढी मोकळी राहिली.

आणि त्या मोकळ्या जागेत, तिसऱ्या रांगेतून, वीस-बावीस वर्षांच्या सवयीने, काही कळायच्या आत विभावरीच्या तोंडून निघून गेलं, "ओ!"

बरोबर सातव्या मात्रेवर!

हॉल नुसता फुटला. विभावरीने तोंडावर हात धरला, कानापर्यंत लाल झाली. पण ईशानी कुठली थांबतेय? आवर्तन फिरून समेवर आलं आणि वाकणकरांनी पुन्हा म्हटलं, "विभावरी." या वेळी तिने हात काढला, मान वर केली, नवऱ्याकडे सरळ पाहिलं आणि ठणठणीत आवाजात म्हणाली, "ओ!" तिसऱ्या वेळी सगळ्या बायका तिच्याबरोबर होत्या. चौथ्या वेळी अजीजला एवढ्या तालमींनंतर एकदाचं गाणं सापडलं, आणि तो ते नाव सुरात गायला लागला. दहा मिनिटांची वीस झाली. सामंतांनी घड्याळ बघितलंसुद्धा नाही.

स्पर्धेचं बक्षीस वाकणकरांना द्यावं की नाही यावर कमिटीत वाद झाला. स्पर्धा बायकांची होती आणि यमक तर जुळलंच नव्हतं. शेवटी कॅसेरोलचा सेट छायाताईंनी विभावरीच्या हातात ठेवला. "वहिनी, तुमच्या 'ओ'ला!"

घरी आल्यावर विभावरी तडक स्वयंपाकघरात गेली. ईशानी फिजिक्सचं पुस्तक उघडून बसली. वाकणकर सोफ्यावर टेकले. कार्यक्रम कसा झाला हे बायकोच्या तोंडून ऐकल्याखेरीज त्यांना चैन पडणार नव्हतं.

"अगं," त्यांनी हाक मारली.

आतून उत्तर नाही.

"अगं ए! ऐकतेस ना?"

आत भांड्यांचा आवाज चालू होता. म्हणजे घरात होती, जागी होती, कान शाबूत होते. ईशानीने पुस्तकातून डोकं वर केलं आणि बाबांकडे अशा नजरेने पाहिलं की आता तुम्हाला हेही मीच सांगू का.

वाकणकरांनी घसा साफ केला. "विभावरी!"

"ओ!" आतून आलं. "चहा टाकलाय. येतेच."

आणि त्या संध्याकाळी पहिल्यांदाच, तबकडी लावल्यावरसुद्धा, स्वयंपाकघराचं दार उघडं होतं.